दारू हत्ती प्यायले की माणसं?

‘मराठी माणूस उपकार विसरत नाही आणि अपमानही विसरत नाही, असं एका चिनी प्रवाशानं चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.’ हे वाक्य कानावरून गेलं नाही असा मराठी माणूस मिळणं अवघड. शाळेच्या इतिहासात ते भेटतं, महाराष्ट्र दिनाच्या भाषणात भेटतं, गणपतीतल्या व्याख्यानात तर हटकून. प्रवाशाचं नाव मात्र दर वेळी बदलतं: ह्युएन त्संग, युआन श्वांग, हल्ली शुआनझांग. माणूस एकच. नावं वेगळी, कारण ती आपल्याकडे वेगवेगळ्या युरोपीय भाषांतरकारांच्या लेखणीतून आली. नाव जसं आलं तसंच ते वाक्यही आलं, आणि वाटेत त्याला बरंच काही चिकटलं.

मी चिनी शिकले ती पोटापाण्यासाठी. यंत्रांची मॅन्युअलं, कंत्राटं, मालाच्या याद्या. त्या चिनीत सगळं स्पष्ट असतं, कारण बोल्ट कुणी आवळायचा हे संदिग्ध ठेवून चालत नाही. जुन्या ग्रंथांची भाषा, जिला चिनी लोक ‘वन्-यान’ म्हणतात, ती पुष्कळ नंतर हौसेनं हाती घेतली. थोडंफार वाचता येऊ लागल्यावर कुणीही करेल तेच मीही केलं: आपल्याबद्दल काय लिहिलंय ते मुळातून काढून बसले.

ग्रंथाचं नाव ‘महान तांग राजवटीच्या काळातील पश्चिम प्रदेशांचा वृत्तांत’. शुआनझांग ६४५ मध्ये भारतातून छांगआनला, म्हणजे तांग राजधानीला, परतला. सम्राट ताइत्सुंगला पश्चिमेकडच्या राज्यांची खडान्‌खडा माहिती हवी होती. शुआनझांगनं सांगितलं, त्याचा शिष्य प्येनची यानं ते संकलित केलं आणि ६४६ मध्ये बारा भागांचा ग्रंथ तयार झाला. महाराष्ट्र येतो अकराव्या भागात. पान-दीड पानाचा मजकूर, त्यातही अजिंठ्याच्या असाव्यात अशा लेण्यांचं वर्णन बरीच जागा घेतं. माणसांबद्दल म्हणाल तर मोजक्या ओळी.

त्यातल्या काही ओळी तर साच्यातल्या आहेत. प्रत्येक देशाचा घेर इतके ली (ली हे अंतराचं चिनी माप), राजधानीचा घेर इतके ली, जमीन कशी, पीकपाणी कसं, हवा कशी, रीतिरिवाज कसे, विहार किती, भिक्षू किती. आपल्या वाट्याला आलेलं ‘लोक साधे, प्रामाणिक’ हे असंच साच्यातलं. त्यावर फार छाती फुगवू नये. पण पुढे लगेच साचा मोडतो, आणि लिहिणाऱ्याला खरोखर काहीतरी सांगायचंय हे चार-चार अक्षरांच्या ठेक्यातूनही जाणवतं.

यौ अन पी पाओ, यौ युआन पी फू.

आठ अक्षरं, आपलं सुप्रसिद्ध वाक्य ते हेच. अक्षराला अक्षर लावलं तर: असेल उपकार, नक्की फेड, असेल वैर, नक्की परत. कोणी फेडायचं, कोणाला, केव्हा, काही नाही. ‘लोक’ हा शब्द नाही, ‘ते’ नाही. दोन्ही अर्ध्या ओळींचा बांधा हुबेहूब एक आहे, आणि दोन्हींतली क्रियापदं घेतलेलं परत करण्याचीच आहेत. ‘पाओ’ हे अक्षर चिनीत आजही दोन्हीकडे चालतं, उपकाराच्या फेडीलाही आणि सूड घेण्यालाही. थोडक्यात, हा स्वभाव दोन टोकांचा नाही. हिशेब चुकता करण्याची एकच सवय आहे, खात्यात जमा असो की नावे.

आता इंग्रजी. सॅम्युअल बील हा ब्रिटिश नौदलात पाद्री होता, पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात चिनीचा प्राध्यापक झाला. त्याचं संपूर्ण भाषांतर १८८४ मध्ये दोन खंडांत आलं. त्याआधी स्तानिस्लास ज्युलियँचं फ्रेंच भाषांतर १८५७-५८ मध्ये आलेलं होतं. बील लिहितो, की हे लोक उपकारकर्त्यांशी ‘ग्रेटफुल’ आणि शत्रूंशी ‘रिलेंटलेस’ असतात. वाक्य सुंदर आहे, तोलही आहे. पण मुळातली कृती गेली आणि तिच्या जागी मनाची अवस्था आली. ‘ग्रेटफुल’ माणूस घरी बसून आयुष्यभर ग्रेटफुल राहू शकतो, त्याला काहीच करावं लागत नाही. शुआनझांगच्या माणसाला ते चालत नाही, त्याला फेडावं लागतं. शिवाय ‘कृतज्ञ’ आणि ‘निष्ठुर’ असे दोन गुण समोरासमोर उभे केले की तो माणूस चंचल, कधी प्रेमळ तर कधी क्रूर असा दिसू लागतो. मूळ आठ अक्षरांत तो कमालीचा एकसुरी आहे.

मराठीत आणताना मला नशिबानं एक शब्द आयता मिळाला. उपकाराची परतफेड, अपमानाची परतफेड. दोन्ही आपण रोज म्हणतो. हा शब्द इंग्रजीतून मराठी करणाऱ्याला सुचण्याची शक्यता कमी, कारण बीलच्या वाक्यात परत करण्यासारखं काही उरलेलंच नाही.

बीलनं त्याच्या आधीच्या ओळीत जास्त मोठी ढवळाढवळ केली आहे. मूळ चार अक्षरं स्वभावाबद्दल: ‘ची शिंग आओ यी’. त्यांचा स्वभाव ‘आओ’ आणि ‘यी’. ‘आओ’ म्हणजे ताठा, कुणाला न जुमानणं. ‘यी’ हे अक्षर मला फार आवडतं. त्यात चालण्याची खूण आहे आणि तिच्यावर एक ससा बसवलेला आहे. हातातून निसटून पळालेला ससा. त्यावरून सुटलेलं, बंधनात न राहणारं, मोकळं. बील या जोडीचं काय करतो? ‘स्टर्न, व्हिंडिक्टिव्ह कॅरेक्टर’. कठोर आणि सूडबुद्धीचे! ससा गेला कुठे? त्या दोन अक्षरांत सूड औषधालाही नाही. मला वाटतं, पुढच्या ओळीत वैराची फेड आहे हे वाचून त्यानं तो रंग मागच्या ओळीलाही फासला. टॉमस वॉटर्स, जो चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीत नोकरीला होता आणि ज्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९०४-०५ मध्ये आलं, तो ‘प्राउड-स्पिरिटेड अँड वॉरलाइक’ म्हणतो. मानी हे बरोबर. लढवय्ये हे मात्र त्यानंही पुढच्या मजकुरातून उसनं आणलं. एकाला सूडकरी दिसले, दुसऱ्याला शिपाई. दोघंही व्हिक्टोरियन काळातले ब्रिटिश, आणि ‘मराठा’ या शब्दाबद्दल त्यांच्या देशात आधीपासून बरीच मतं तयार होती. त्याचा इथे संबंध असेलच असं मी म्हणत नाही. पण मनात येतं खरं.

मी मराठीत काय केलं? ‘मानी, कुणाच्या दावणीला न बांधलेले’. चार अक्षरांना पाच शब्द. ससा माझ्याकडूनही निसटलाच, पण निदान दोर तुटल्याचं कळतं.

जुन्या चिनीचं भाषांतर म्हणजे शब्दकोश उघडून अर्थ शोधणं असं ज्यांना वाटतं त्यांना ‘चू पेइ’ ही जोडी दाखवावी. ‘चू’ म्हणजे पाठलाग करणं. ‘पेइ’ म्हणजे उत्तर दिशा, पेइचिंगमधलं तेच ‘पेइ’, उत्तरेची राजधानी. मग हे लोक रणांगणावर उत्तरेचा पाठलाग करतात की काय? तर नाही. ‘पेइ’ हे अक्षर मुळात पाठीला पाठ लावलेल्या दोन माणसांचं चित्र आहे, आणि जुन्या गद्यात ते पाठ फिरवून पळणाऱ्यासाठी येतं. ‘रणात पळणाऱ्याचा पाठलाग करतात, शरण आलेल्याला मारत नाहीत.’ इथे बील अजिबात चुकलेला नाही. त्याला नावं ठेवताना हेही सांगितलं पाहिजे, की ज्या काळात चांगले कोश आणि टिपांसहित आवृत्त्या हाताशी नव्हत्या त्या काळात त्यानं अशा शेकडो जागा सुखरूप ओलांडल्या आहेत.

आधुनिक चिनी येणाऱ्याची तर जास्तच फसगत होते. हरलेल्या सेनापतीला हे लोक शिक्षा करत नाहीत, त्याला बायकांचे कपडे देतात, आणि तो ‘कान ची’ होऊन स्वतःहून मरतो. आजच्या चिनीत ‘कान ची’ म्हणजे मनापासून आभारी असणं. माझ्या कामाच्या पत्रांत हा शब्द सारखा येतो: आपल्या सहकार्याबद्दल आम्ही ‘कान ची’ आहोत. म्हणजे सेनापती साडीबद्दल आभार मानून मेला! जुन्या भाषेत त्याचा अर्थ भावनेचा एकदम भडका उडणं, मनाला झोंबणं. झोंबलं आणि जीव दिला. ही ओळ मराठीत आणायला मात्र एक क्षणही लागत नाही, कारण ‘बांगड्या भर’ हे आपल्याकडे अजून बोललं जातं, मोर्चात पुढाऱ्याला बांगड्यांचा आहेर अजून दिला जातो. चौदाशे वर्षं टिकलेल्या परंपरांची यादी करायची झाली तर ही त्यात यावी हे काही भूषणावह नाही. भाषणं करणारे ही ओळ सहसा गाळतात. दारूचीही गाळतात, तिच्याकडे येतेच.

अडलेल्याला मदत करण्याबद्दल एक ओळ आहे. मूळ: ‘कोंडीत सापडलेला, निकडीनं आश्रयाला आला, तर देह विसरून तारतात.’ बीलच्या इंग्रजीत, मदत करण्याच्या ‘घाईत’ ते स्वतःला विसरतात. घाई कुठून आली? मुळात निकडीचं अक्षर आहे, पण ती निकड अडलेल्या माणसाची आहे. वाक्यात कर्ता नाही, विभक्ती नाही, त्यामुळे ती एका माणसाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर सहज सरकली. ‘देह विसरून’ हे मी मुद्दाम तसंच ठेवलं. वारकऱ्यांच्या मराठीला देहभान विसरणं नवीन नाही.

कर्त्याशिवायची ही भाषा इंग्रजीला कायम छळते. आठव्या शतकातल्या वांग वेइच्या एका कवितेची पहिली ओळ पाच अक्षरांची आहे: रिकामा, डोंगर, नाही, दिसत, माणूस. वीस अक्षरांची सगळी कविता, आणि तिची इंग्रजी भाषांतरं इतकी, की त्यांची तुलना करणारं एक छोटं पुस्तक १९८७ मध्ये निघालं. कोणी ‘मला कोणी दिसत नाही’ असं म्हणून डोंगरात एक ‘मी’ आणून बसवतो, कोणी कर्मणी प्रयोगाचा आडोसा घेतो. डोंगर रिकामा आहे असं सांगणाऱ्या ओळीत ‘मी’ घुसवला की डोंगर रिकामा कसा राहणार? मराठीत ‘रिकामा डोंगर, माणूस दिसत नाही’ असं म्हटलं की झालं. कोणाला दिसत नाही असं कुणी विचारत नाही.

तर आता दारू. शुआनझांग सांगतो, राज्यात काहीशे वीर पोसलेले आहेत. लढाईआधी ते दारू पिऊन तर्र होतात, मग एकटा गडी पुढं घुसतो आणि दहा हजारांची धार बोथट होते. वाटेत कुणाचा जीव घेतला तरी राज्याचा कायदा त्यांना हात लावत नाही. बाहेर निघाले की पुढे नगारा वाजतो. पुढची ओळ हत्तींची: शिवाय मस्तवाल हत्ती पोसतात, काहीशे, लढाईला निघताना ‘यी श्येन यिन च्यौ’. अक्षरशः: ‘सुद्धा-आधी-पिणं-दारू’. नंतर कळप उधळतो, तुडवतो, समोर कुणी टिकत नाही.

कोण प्यालं? बील म्हणतो, हत्तींनाही झिंगवतात आणि माणसंही आधी स्वतः दारू पितात. म्हणजे त्यानं दोघांनाही पाजली. वॉटर्स म्हणतो, हत्तींना पाजतात. माझं मत वॉटर्सच्या बाजूचं आहे. पहिलं अक्षर, ‘यी’, म्हणजे ‘तसंच, तेही’. ससावालं ‘यी’ वेगळं, हे वेगळं. वीरांची दारू आधी सांगून झाली आहे, आता हत्तींची पाळी, म्हणून ‘तेही’. आणि लगेच पुढे जे उधळतात, तुडवतात ते हत्तीच आहेत, माणसं कळपानं तुडवत नाहीत. पण बीलला वेडा म्हणता येत नाही. मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हंही नव्हती, वाक्य कुठे तोडायचं हेसुद्धा वाचणाऱ्यानं ठरवायचं. पोसणारी माणसं आहेत, तर पिणारीही तीच असं वाचणं अशक्य नाही. इंग्रजीत क्रियापदाआधी कुणाला तरी उभं करावंच लागतं, आणि बीलनं ज्यांना उभं केलं त्यांच्या हातात पेला आला.

मराठीत मला ही जागा उघडी ठेवता आली: ‘लढाईला निघताना तेही आधी दारू पितात.’ हत्ती पुल्लिंगी, गडी पुल्लिंगी, क्रियापद दोघांनाही बसतं. कुणाला वाटेल ही पळवाट आहे. असेल. पण शुआनझांगनंच दार लोटून ठेवलं असेल तर कडी लावणारी मी कोण?

नावांच्या बाबतीत शुआनझांग स्वतःच गमतीचा भाषांतरकार आहे, आणि याबाबत तो कुणाही इंग्रजापेक्षा जास्त विचार केलेला माणूस होता. संस्कृतातून चिनीत शब्द आणताना कोणते शब्द भाषांतरित करू नयेत, याचे पाच प्रकार त्याच्या नावावर सांगितले जातात: गूढ मंत्र, अनेकार्थी शब्द, चीनमध्ये नसलेल्या वस्तू, पूर्वापार रूढ झालेले शब्द, आणि ज्यांचं भाषांतर केलं की आदर कमी होतो असे. तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणून जंबू वृक्ष दिलेला आहे, म्हणजे आपलं जांभूळ! ‘भारता’साठी आज चिनीत जो ‘यिन्तू’ शब्द आहे तोही त्यानंच योग्य म्हणून ठरवला.

याच परिच्छेदात त्यानं हर्षवर्धनाची शीलादित्य ही पदवी अर्थानं आणली आहे: शील आणि सूर्य अशी दोन अक्षरं. इथला राजा पुलकेशी, त्याचं नाव मात्र आवाजानं, चार अक्षरांत. आणि महाराष्ट्रही आवाजानं, ‘मो-ह-ला-छा’. ‘मोठा देश’ असा अर्थ करणं त्याला सहज शक्य होतं, दोन अक्षरांत भागलं असतं. तसं केलं असतं तर बीलनं त्याचं ‘ग्रेट कंट्री’ केलं असतं आणि तो कुठला देश यावर पंडितांची शंभर वर्षं गेली असती. १८८४ मध्येच रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला, त्यात शुआनझांगची साक्ष सरळ घेता आली ती या आवाजामुळे.

अर्थात तो आवाज फक्त आपला नाही. पुलकेशी बदामीचा, चालुक्य घराण्यातला, आणि कन्नड लोक त्याला आपला म्हणतात ते अगदी रास्त आहे. शुआनझांगनं भाषेबद्दल इथे चकार शब्द काढलेला नाही, ‘मराठी माणूस’ हे आपण नंतर घातलेलं. पुलकेशीपुढे हर्षाला माघार घ्यावी लागली, त्याची शुआनझांगखेरीज दुसरी साक्षही कर्नाटकात, ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखात आहे. तिथे रविकीर्ती म्हणतो, ‘भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः’: ज्यानं हर्षाचाच हर्ष भीतीनं गाळून टाकला. राजकवीला असे श्लेष शोभतात. शुआनझांग हर्षाचा पाहुणा होता, त्याच्याकडून मानपान घेतलेला. तरी तो लिहितो की शीलादित्य पूर्वपश्चिम जिंकत गेला, पण फक्त या देशाचे लोक वाकले नाहीत; त्यानं पाची भारतांचं, म्हणजे भारताच्या पाचही विभागांचं, सैन्य कितीदा आणलं, स्वतः चालून आला, ‘यौ वेइ ख शंग’, अजून जिंकलेला नाही.

या ‘अजून’पाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. जुन्या चिनीच्या क्रियापदाला काळ नसतो. शुआनझांग दख्खनमध्ये आला तो ६४१ च्या सुमाराला. ६४२ मध्ये पल्लव नरसिंहवर्म्यानं बदामी घेतली आणि पुलकेशी बहुधा त्याच लढाईत पडला. छांगआनमध्ये हा मजकूर ६४६ मध्ये उतरवला गेला तेव्हा शेजाऱ्यांना तुच्छ लेखणारा तो राजा हयात नव्हता, त्याची राजधानी शत्रूच्या हातात होती. ही बातमी शुआनझांगपर्यंत पोचल्याचं मजकुरात दिसत नाही. बीलनं सगळं वर्तमानकाळात लिहिलं: राजा शेजाऱ्यांना तुच्छ लेखतो, प्रजा निष्ठेनं वागते. वॉटर्सनं सगळं भूतकाळात ढकललं: लोक मानी होते, हत्तींना दारू पाजली जात असे. वॉटर्सचं इतिहासाच्या दृष्टीनं बरोबर. पण मग ‘अजून जिंकलेला नाही’ यातल्या ‘अजून’चं करायचं काय? ते लिहिताना शुआनझांगच्या डोक्यात तो राजा गादीवर बसलेला होता, आणि मूळ परिच्छेदात ‘सध्या’ या अर्थाचं अक्षरही हर्षाच्या नावाआधी आहे. मी बीलबरोबर गेले, वर्तमानकाळ ठेवला. एवढी भांडून शेवटी त्याच्याच पंगतीला बसले म्हणा ना.

शुआनझांगला मात्र थांबायला वेळ नाही. लेण्यांचं वर्णन संपलं की तो पश्चिमेला हजारभर ली चालतो, नर्मदा ओलांडतो आणि भडोचच्या देशात शिरतो. जमीन खारी, झाडझाडोरा विरळ, आणि मग चार अक्षरं: उकळणं, समुद्र, करणं, मीठ. बील लिहितो, समुद्राचं पाणी उकळून ते मीठ काढतात. इथे त्याला पदरचं फक्त ‘पाणी’ घालावं लागलं.